व्याधिग्रस्त अर्भक आणि वात्सल्य : केन्झाबुरो ओए यांच्या दोन कथाकृती

विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’मध्ये वत्सल हा स्वतंत्र रस मानला. अपत्य हे त्याचे आलंबन. अपत्याच्या चेष्टा, विद्या, शौर्य, दया ही उद्दीपने. आणि आलिंगन, अंगस्पर्श, शिरश्चुंबन इत्यादी अनुभाव, अशी त्याची मांडणी आहे. ही मांडणी निरोगी, हसऱ्या बालकाला गृहीत धरून चालते. परंतु जे अर्भक जन्मतःच व्याधिग्रस्त आहे, ज्याच्या चेष्टा काचेआडून पाहावयाच्या आणि ज्याला कवटाळण्याचीही सोय नाही, त्याच्या ठायी वात्सल्य उत्पन्न व्हावे कसे? जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए (१९३५–२०२३) यांच्या १९६४ सालच्या दोन कृती या प्रश्नाच्या उत्तरासाठी अभ्यसनीय आहेत.

ओए यांचा पहिला मुलगा हिकारी १९६३ साली कवटीतील व्यंग घेऊन जन्मास आला. पुढल्याच वर्षी ‘वैयक्तिक अनुभव’ अशा अर्थाचे नाव असलेली कादंबरी त्यांनी लिहिली. जॉन नेथन यांच्या १९६८ सालच्या इंग्रजी भाषांतरात ती ‘अ पर्सनल मॅटर’ या नावाने प्रसिद्ध आहे. कथानायक ‘बर्ड’ या टोपणनावाने ओळखला जातो. तो सत्तावीस वर्षांचा असून परीक्षार्थ्यांच्या शिकवणीवर्गात शिकवितो आणि आफ्रिकेच्या प्रवासाची स्वप्ने पाहतो. मेंदू कवटीबाहेर आल्यासारखे दिसणारे मूल आपणांस झाले आहे, असे त्याला सांगण्यात येते. त्यानंतरची त्याची अवस्था वात्सल्याची नव्हे. ती भय, जुगुप्सा आणि लज्जा यांची आहे. मुलाचे दूध कमी करून त्याला साखरपाणी देण्याची व्यवस्था होते आणि बाप रुग्णालयाकडून येणाऱ्या मृत्युवार्तेची वाट पाहू लागतो.

येथे चढउतारांचा क्रम उलटा होतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. सामान्यतः आजारी मुलाच्या मातापित्यांस प्रकृती सुधारल्याची वार्ता आनंद देते व बिघडल्याची वार्ता दुःख देते. बर्डच्या बाबतीत मूल तग धरून आहे हीच वार्ता निराशेची ठरते. तरीही या अंधारात एक क्षण असा येतो की, मस्तकाला पट्ट्या बांधलेले ते अर्भक पाहून त्याला युद्धात जखमी झालेल्या आपोलिनेर या फ्रेंच कवीची आठवण होते आणि त्याचे डोळे भरून येतात. विश्वनाथाने सांगितलेली उद्दीपने येथे एकही नाहीत. जे नाते देहाला साधत नाही, ते एका उपमेने साधते. हे मूल म्हणजे एकाकी रणात घायाळ झालेला कोणी एक जीव आहे, ही कल्पना वात्सल्याचे पहिले बीज होय. मात्र ते बीज लगेच रुजत नाही. बर्ड आपली मैत्रीण हिमिको हिच्यासह त्या मुलाला एका संशयास्पद डॉक्टरकडे मरण्यासाठी पोहोचवितो. परत फिरण्याचा निर्णय तो त्यानंतर घेतो.

या कादंबरीच्या शेवटावर, युकिओ मिशिमा यांच्यासह अनेकांनी आक्षेप घेतला आहे. शस्त्रक्रियेत ते मेंदूचे व्यंग नसून साधी, निरुपद्रवी गाठ असल्याचे आढळते व कुटुंब सावरते. हा शेवट ओढूनताणून आणलेला सुखान्त आहे, असा आक्षेपाचा आशय होय. तो सर्वस्वी निराधार नाही. शेवटच्या प्रकरणाची घाई कोणासही जाणवेल. परंतु दोन गोष्टी नजरेआड करून चालणार नाही. एक, बर्डचा निर्णय निदानाच्या आधीचा आहे. मूल बरे होईल म्हणून तो परतत नाही. दुसरी, मूल अत्यंत मंदबुद्धीचे होण्याचा संभव तो अखेरीस बोलून दाखवितो आणि त्याच्या भवितव्यासाठी पैसा साठविण्याचा विचार करतो. ज्याला सुखान्त म्हटले जाते, तो वस्तुतः दीर्घ जबाबदारीचा आरंभ आहे.

याच वर्षीची ‘आकाशातील राक्षस आग्वी’ ही कथा शेजारी ठेवली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तीत एका संगीतकाराने डॉक्टरच्या संमतीने आपले अर्भक साखरपाण्यावर ठेवून मरू दिले आहे. शवविच्छेदनात आढळते ती निरुपद्रवी गाठच. तेव्हापासून पांढऱ्या अंगरख्यातील, कांगारूएवढे थोर एक बाळ त्याला आकाशातून उतरताना दिसू लागते. दोन्ही कृतींत वैद्यकीय वस्तुस्थिती एकच आहे. एकीत ती दिलासा होते, दुसरीत शाप. म्हणजे निर्णायक ठरतो तो निदानाचा निकाल नव्हे. निकाल अज्ञात असताना पित्याने काय केले, हे निर्णायक ठरते. शेवटावरील आक्षेपाला याहून समर्पक उत्तर ओए यांच्याच लेखनात अन्यत्र सापडणे कठीण.

कादंबरीची खरी उणीव वेगळीच आहे. प्रसूत झालेली पत्नी रुग्णालयाच्या खाटेवर पडून आहे आणि मुलाच्या व्यंगाविषयीचे सत्य तिच्यापासून दडविले गेले आहे. ज्या मातेच्या देहातून हे मूल आले, तिचे भय, तिची आशा, तिचा संताप यांना कादंबरीत फारच थोडी जागा मिळते. व्याधिग्रस्त बालकाच्या संगोपनाचा बहुतांश भार ज्यांच्यावर पडतो, त्या मातांचा अनुभव येथे पित्याच्या आत्मशोधाची केवळ पार्श्वभूमी होऊन राहतो.

शेवटी एक सावधगिरी. हिकारी पुढे संगीतरचनाकार झाला. १९९२ साली त्याच्या रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९९४ साली पित्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या वार्तेच्या उजेडात कादंबरी वाचण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. ते मूल जगविणे योग्य होते, कारण पुढे त्याने संगीत रचले, असे म्हणणे म्हणजे विद्या आणि शौर्य यांच्या उद्दीपनांवर वात्सल्य पुन्हा अवलंबून ठेवणे होय. बर्डने मूल परत आणले तेव्हा त्याच्या हाती असे कोणतेच कारण नव्हते. वत्सल रसाच्या विवेचनात या कृतींना स्थान मिळावे, ते याच कारणासाठी.