फाळक्याची उंची

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर गेली सात-आठ वर्षं एकच ट्रक उभा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो मला पहिल्यांदा दिसला. त्यानंतर लॅपटॉप बदलले, कंपन्या बदलल्या, पण तो तसाच आहे. चपट्या तोंडाचा, बॉनेट नसलेला, सात खाचांची जीपची जाळी थेट काचेखाली चिकटवलेला, आणि मागे फाळके पडणारा लांब हौदा. चाकं मात्र त्या मानाने फारच मोठी. बुटक्या माणसाने ढगळ गमबूट घातल्यासारखी.

त्याचं नाव माइटी एफसी. जीपने तो २०१२ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावच्या ईस्टर जीप सफारीत आणला. तो कन्सेप्ट होता, म्हणजे विकण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी बनवलेला. कार शोच्या चकचकीत स्टेजवर फिरत्या चकतीवर उभे राहणारे कन्सेप्ट पुष्कळ असतात, त्यातले काही तर नीट चालतही नाहीत. मोआबचं तसं नाही. १९६७पासून तिथे दरवर्षी जीपवाले जमतात आणि वालुकाश्माच्या लाल उतारांवर गाड्या चढवतात, पाडतात, मोडतात. तिथे आणलेली गाडी चालवून दाखवावी लागते. त्यामुळे तिथल्या दादेला वजन आहे. ती गाडीखाली झोपून नट आवळलेल्या माणसांची दाद असते.

माइटी एफसीला ती भरभरून मिळाली, आजही मिळते. मोआबला आलेल्या कन्सेप्टचा विषय निघाला की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच येतं. या कौतुकाचे साधारण तीन सूर आहेत. पहिला सूर, 'हा बनवाच, मी उद्या बुकिंग करतो.' दुसरा जरा शहाण्यांचा, 'बनवला तर किंमत बघून तुम्हीच पळाल.' आणि तिसरा जुन्या माणसांचा, 'नवा कशाला? कोठारात गंजत पडलेला खरा एफसी शोधा आणि उभा करा.' तिघंही एका गोष्टीवर एकमत आहेत, की हा ट्रक जुन्याशी प्रामाणिक आहे. मीही आजवर तेच म्हणत आलो. आता मात्र मला त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे.

आधी मूळ गाडी बघू. जीपने १९५६च्या अखेरीस एफसी १५० बाजारात आणली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर इंजिनाच्या मागे नाही, त्याच्या शेजारी, पुढच्या चाकांवर बसतो. आकार दिला होता ब्रूक्स स्टीव्हन्स या नावाजलेल्या डिझायनरने, पण आकारामागे हिशेब होता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८१ इंच, आणि हौदा ७४ इंचांचा. इंजिनासाठी पुढे लांब नाक ठेवलं असतं तर एवढा हौदा एवढ्याशा गाडीवर बसलाच नसता. थोडक्यात, एफसीचं ते विनोदी तोंड म्हणजे हौद्यासाठी केलेला त्याग होता. माल जास्त बसावा म्हणून ड्रायव्हर पुढे सरकला. त्याची किंमत त्यानेच मोजली. इंजिन केबिनमध्येच, झाकणाखाली, म्हणजे आवाज आणि धग सोबतीला. आणि हौदा रिकामा असेल तर गाडीचं सगळं वजन तोंडाशी.

ही गाडी अमेरिकेत फार चालली नाही. १९६५च्या आसपास ती बंद झाली तोवर जेमतेम ३० हजार विकल्या गेल्या होत्या. आज जिच्यासाठी लोक हळवे होतात, तिला तिच्या काळात लोकांनी बाजूला सारलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९६५ साली, महिंद्राने एफसी १५० भारतात बनवायला घेतली. अमेरिकेत जिची गोष्ट संपत होती, तिची इकडे सुरू झाली.

आता कन्सेप्टकडे येऊ. जुन्या गाडीची आठवण नव्या गाडीत आणण्याचे मला दोन मार्ग दिसतात. एक चेहऱ्याचा. गोल दिवे, चौकोनी कडा, जुना लोगो, आणि आतून आजची कुठलीही गाडी. दुसरा बांध्याचा. जुन्या गाडीत माणूस कुठे बसायचा, इंजिन कुठे असायचं, जागा कशासाठी राखली होती, ते पुन्हा करून बघणं.

ऑफरोडवाल्यांची ओरड बहुतेक वेळा चेहऱ्यावरच अडकते. १९८७च्या रँग्लरला चौकोनी दिवे आले तेव्हा जीपवाल्यांनी जो राग धरला तो आजही गेलेला नाही. १९९७च्या मॉडेलला गोल दिवे परत आले, तेव्हा हरवलेला मुलगा घरी आल्याचा आनंद झाला. खरं तर त्या १९९७च्या गाडीत पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, हा केवढा तरी मोठा बदल होता. पण घराघरात गोष्ट सांगितली जाते ती दिव्यांचीच. लँड रोव्हरने २०११ साली फ्रँकफर्टमध्ये डीसी १०० हा डिफेंडरचा नवा अवतार दाखवला, तेव्हा निष्ठावंतांनी त्याला झोडपून काढलं. हा शहरातला पोरगा आहे, चिखलात उतरणार नाही, असा सूर होता. तो ट्रक बाजारात आलाच नाही.

या दोन गाड्यांच्या वाट्याला इतकं वेगळं स्वागत का आलं? मला वाटतं, डीसी १०० हे लोकांच्या जागेवर येणारं काहीतरी होतं. तो आला असता तर जुना डिफेंडर गेला असता. माझ्या धंद्यातली भाषा वापरायची तर ते अपडेट होतं, आणि सवयीच्या ॲपला अपडेट आलं की आपण आधी शिव्या घालतो, मग बघतो. माइटी एफसी कुणाच्याच जागेवर येत नव्हता. तो फक्त डेमो होता, आणि डेमोवर कुणी चिडत नाही. डेमोत कधी बग नसतात, कारण त्यावर कुणाचं काम अवलंबून नसतं.

पण हे एवढंच कारण देणं अन्यायाचं होईल. माइटी एफसी आवडतो कारण त्याने दुसरा, अवघड मार्ग धरला. रँग्लर रुबिकॉन घेतली, नाक कापलं, ड्रायव्हरला उचलून पुढच्या चाकांवर बसवलं आणि उरलेली लांबी हौद्याला दिली. म्हणजे जुन्याचा मुखवटा नाही चढवला, जुन्याचा निर्णय पुन्हा घेतला. हे ओळखणारी नजर जीपवाल्यांकडे आहे, आणि त्या नजरेबद्दल मला आदर आहे.

मग माझी दुरुस्ती कशाला? तर माझ्या मामांमुळे. मामांनी ऐंशीच्या दशकात अशाच चपट्या तोंडाची गाडी चालवली. ओतूरहून कांदा भरायचा आणि खेडचा घाट उतरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात टाकायचा. मालक दुसरा, गाडी दुसऱ्याची, मामा ड्रायव्हर. गेल्या दिवाळीत ते घरी आले असताना माझा लॅपटॉप उघडा होता. मला वाटलं, आता यांचे डोळे चमकणार. मी उत्साहाने सगळं सांगितलं. मोआब, लाल खडक, पोर्टल ॲक्सल. म्हणजे चाकाच्या तोंडाशी गिअर बसवून ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलायचा, की पोटाखाली दगड जायला जागा होते. टायर म्हणाल तर ४० इंचांच्या घरातले.

मामांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवलं ते चाकांवर नाही, हौद्यावर.

"हा फाळका कुठवर येतोय बघ. माणसाच्या छातीच्या वर. पोतं कोण चढवणार याच्यात?"

मी म्हटलं, "मामा, हा माल न्यायला नाहीये."

"मग हौदा कशाला ठेवलाय?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं तो फोटो रोज बघत होतो, आणि हौदा किती उंच आहे हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची बघत होतो. मामांनी जमिनीपासून फाळक्यापर्यंतची बघितली. एकाच गाडीची दोन मापं. पहिलं बसणाऱ्याचं, दुसरं भरणाऱ्याचं. पाठीवर ५० किलोचं पोतं घेतलेल्या हमालासाठी फाळक्याची उंची म्हणजे दिवसभराची दुखणी. मूळ एफसीचा सगळा खटाटोप हौद्यासाठी होता. माइटी एफसीने तो बांधा जसाच्या तसा जपला आणि मग सगळाच्या सगळा उचलून अशा ठिकाणी नेऊन ठेवला, जिथे माल पोचू शकत नाही. निर्णय राहिला, कारण गेलं.

त्यानंतर मी तीनही सूर पुन्हा ऐकून बघितले. पोर्टल ॲक्सल, टायर, सस्पेन्शन, चेहरा, रंग, सगळ्यावर भरपूर बोललं गेलंय. माझ्या कानावर आलेल्या कौतुकात माल चढवण्याच्या उंचीबद्दल चकार शब्द नाही. ते मुद्दाम वगळलंय असं मी म्हणणार नाही. मोआबच्या खडकांवर जमिनीपासूनची उंची लागतेच, त्याशिवाय पहिल्याच पायरीवर गाडी पोटावर बसेल. तिथली माणसं तिथल्या गरजेचं बोलतात. पण मग 'जुन्याशी प्रामाणिक' हे शब्द त्यांनी आणि मी जरा जपून वापरायला हवेत. जुन्याशी म्हणजे जुन्या गाडीशी, की त्या गाडीने जे काम केलं त्याच्याशी?

मोआब हेच गाव या प्रश्नाचं मोठं उदाहरण आहे. तिथल्या ज्या वाटांवर आज लोक हौसेने गाड्या घालतात, त्यातल्या कितीतरी वाटा १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी आणि खाणवाल्यांनी पाडल्या. अणुयुगाची हाव होती, खडकात पैसा होता, तिथवर पोचायला रस्ता हवा होता. खाणींचा जोर ओसरला, वाटा राहिल्या, आणि हळूहळू वाट हेच ठिकाण झालं. कामाचा रस्ता खेळाचा झाला. तिथे कामाचा ट्रक खेळाचा होऊन आला, यात नवल काय? एफसी आणि त्या वाटा तर एकाच दशकाच्या.

आणि मी तरी कोण वेगळा? मामांच्या घामाची गाडी माझ्यासाठी वॉलपेपर आहे. एसीत बसून कोड लिहिताना मला तिचं तोंड गोड वाटतं, कारण ते चालवत घाट उतरायची वेळ माझ्यावर आली नाही. 'तेव्हाच्या गाड्या कशा दणकट' असं मी म्हणतो तेव्हा त्यातला दणका कुणी सोसला हे सोयीने विसरतो. रेट्रोचं आकर्षण मला बरंचसं इथे दिसतं. आठवण तीच, फक्त तिच्यावरचं ओझं उतरवलेलं. मागच्या पिढीने ओझं वाहिलं म्हणून आपल्याला रिकामा हौदा मिरवता येतो.

म्हणून मी माइटी एफसीला खोटा ठरवत नाही. चेहरा उसना घेणाऱ्या पन्नास गाड्यांपेक्षा तो कितीतरी बरा, कारण त्याने निदान प्रश्न तरी जागा ठेवला. हौदाच नसता तर मामांनी विचारलं काय असतं? 'हा बनवाच' म्हणणाऱ्यांच्या मागणीतही मला फक्त हौस ऐकू येत नाही. जिथे वस्तूचा आकार बघून तिचं काम कळतं अशी एखादी तरी गाडी पुन्हा असावी, ही भूक त्यात आहे, आणि ती खरी आहे. माझं म्हणणं इतकंच, की पुढच्या वेळी दाद देताना टेप खालून पोटापर्यंतच नको, फाळक्यापर्यंतही लावावी. चांगला वाचक ओळी वाचतो तशी गाळलेली जागाही वाचतो. गाडीच्या रसिकाकडून तेवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

त्या दिवशी मी जरा ओशाळून लॅपटॉप मिटायला गेलो, तर मामांनी हात धरला.

"थांब. ड्रायव्हर चाकाच्या वरच बसतो ना यात?"

"हो."

"मग घाटात मजा येत असेल. वळणावर आधी आपण कड्याच्या बाहेर जायचो रे, आणि रस्ता मागनं यायचा." त्यांनी दोन्ही हातांत नसलेलं मोठं स्टिअरिंग धरून सावकाश फिरवलं. "पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग रोज तेच वळण कधी येतंय याची वाट बघायचो."

मग चहा आला, आणि ते परत पोत्यांच्या भावावर बोलू लागले.