पाठशुद्धि आणि प्रक्षेप

जुन्या ग्रंथाचें संपादन करणाऱ्यास दोन मोह टाळावे लागतात. जें हातीं आलें तें अपभ्रष्ट असलें तरी पवित्र मानून जसेंच्या तसें ठेवावें, हा पहिला. आणि दुरुस्तीच्या मिषानें आपलें चातुर्य त्यांत मिसळावें, हा दुसरा. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हां या दोन्ही मोहांपासून ते दूर राहिले. इतकेंच नव्हे, तर पुढें कोणी आपली ओवी त्या ग्रंथांत घुसडूं नये, असा इशाराही त्यांनीं देऊन ठेविला. हा विवेक केवळ पोथ्यांपुरता आहे असें समजण्याचें कारण नाहीं. तबकड्या वाजविण्याचीं जुनीं यंत्रें बाळगण्याची व सुधारण्याची जी हौस आज पुष्कळ सुशिक्षित घरांत पुन्हां शिरली आहे, तिची परीक्षा याच कसोटीवर करून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या हौशी मंडळींत विशेष मान आहे तो ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ जातीच्या यंत्रांना. पूर्वींच्या रचनेंत मोटर वेगानें फिरे आणि तो वेग रबरी चाकानें किंवा पट्ट्यानें कमी करून थाळीस पोंचविला जाई. चाकाची घरघर आवाजांत उतरे. पट्टा कालांतरानें सैल पडे. जपानांतील मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनीं हा मध्यस्थच काढून टाकिला. मोटरच तबकडीच्या गतीनें, मिनिटास ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे अशी संथ फिरवावयाची, ही त्यांची कल्पना. १९७० मध्यें ‘टेक्निक्स एसपी-१०’ या नांवानें ती बाजारांत आली. १९७२ मध्यें ‘एसएल-१२००’ निघालें आणि १९७९ मध्यें त्याची ‘मार्क टू’ ही आवृत्ति. या आवृत्तींत वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांशीं बांधलेला आहे. मोटरचें चुंबक थाळीच्या तळाशींच जडविलेलें आहे, म्हणजे थाळी हाच मोटरचा एक अवयव होय. कळ दाबल्यापासून ०.७ सेकंदांत ती पूर्ण वेग घेते.

परंतु कृति एकदां कर्त्याच्या हातून सुटली, कीं तिचा अर्थ ठरविणें सर्वस्वीं त्याच्या हातीं राहत नाहीं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील तरुण वादकांनीं १९७० नंतरच्या दशकांत तबकडी हातानें मागें-पुढें फिरवून तिच्यांतून ताल काढला. वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी ‘मार्क टू’ची सरकती कळ पुढें दोन तबकड्यांची लय जुळविण्याच्या कामीं आली. ऐकण्याचें साधन वाजविण्याचें वाद्य बनलें. टीकाकारांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. कारण यंत्राचा कोणता गुण खरा आणि कोणता फाजील, हें ठरवितांना आपण सहसा आपल्याच उपयोगाकडे पाहून निकाल देतों.

आतां सुधारणेचा विचार. तिचे तीन वर्ग करावे. वाळलेले कपॅसिटर बदलणें, आंसाच्या बेअरिंगला तेलाचा थेंब देणें, झिजलेली पिन टाकून नवी बसविणें ही पाठशुद्धि होय. ती न करणाऱ्यास निष्ठावंत म्हणतां येणार नाहीं. झिजलेली पिन तबकडीची खांचच खरवडून टाकते. तेव्हां ‘अस्सल’ म्हणून तीच राखणें हें वाळवी लागलेल्या पोथीला हळदकुंकू वाहण्यासारखें आहे. दुसरा वर्ग भाष्याचा. अधिक चांगलें कार्ट्रिज, थाळीवरील निराळें आच्छादन, कंप शोषणारे पाय या गोष्टी आज बसवाव्या, उद्यां काढाव्या. मूळ संहिता खालीं जशीच्या तशी राहते. तिसरा वर्ग प्रक्षेपाचा. नव्या टोनआर्मसाठीं जुनी चौकट कापणें, भोंकें पाडणें, आपणांस नको असलेला भाग कायमचा उपटून टाकणें, हीं कृत्यें जुन्या दगडी देवळाला भक्तिभावानें तैलरंग फांसणाऱ्यांच्या जातीचीं आहेत. हेतु शुद्ध, परिणाम शोचनीय.

यावर, ‘पण आवाज सुधारतो ना?’ असा सवाल येतो. कित्येकदां सुधारतो, हें मान्य केलेंच पाहिजे. ‘मार्क टू’च्या पोटांतील ट्रान्सफॉर्मर बाहेर काढल्यानें गुणगुण कमी होते असें म्हणणारे सारेच भ्रमिष्ट नव्हत. परंतु आवाज कोणासाठीं सुधारावयाचा, हा प्रश्न मागें उरतोच, आणि त्याचें उत्तर मला फार उशिरां मिळालें.

माझ्या वडिलांनीं १९८४ मध्यें दुबईहून एक ‘मार्क टू’ आणविलें. आईला नाट्यगीतांच्या तबकडीबरोबर गाण्याची आवड होती. पण मुद्रणाची पट्टी तिला उंच पडे. वेग सुमारें ६ टक्के कमी केला कीं सूर अर्ध्या स्वरानें उतरतो, काळी एकचा षड्ज पांढरी एकवर येतो. वडील कळ हलकेच सरकवीत व आई गाऊं लागे. लय मंदावे, गायकाचा आवाज किंचित् जड होई. शुद्धतावाद्यास हें खपणार नाहीं, आणि त्या वयांत मलाही खपत नसे. वडिलांच्या पश्चात् यंत्र माझ्याकडे आलें. त्या कळेमुळें वेगाच्या स्थैर्यास बाध येतो, असा एक पक्ष हौशी लोकांत आहे. मीं ती काढवून टाकली. काढलेला भागही जपून ठेविला नाहीं. आवाजांत फरक पडला असें मीं सर्वांस सांगत असें. खरें पाहतां मला तो ओळखतां आला नव्हता.

पुढें आई राहावयास आली. तबकडी लावली, तिनें पहिली ओळ धरली आणि ती थांबली. “अरे, ही आतां खालीं येत नाहीं का?” एवढेंच तिनें विचारलें. मी ज्याला दोष समजून छाटलें, तोच त्या यंत्राचा आमच्या घरापुरता सर्वांत अर्थपूर्ण पाठ होता.

तसाच भाग मिळवून बसविण्यांत दीड वर्ष गेलें. कळ आतां पूर्ववत् आहे. मात्र मधल्या काळांत आईचा आवाज आणखी खालीं गेला. ८ टक्क्यांच्या शेवटच्या खुणेपर्यंत कळ नेली तरी पट्टी तिला उंचच पडते. ती ओठांतल्या ओठांत शब्द म्हणते, गात नाहीं.

म्हणून जुन्या यंत्राच्या मालकांस माझी विनंति इतकीच आहे: पाठशुद्धि निःशंकपणें करा, भाष्य हवें तितकें लिहा, पण कोणताही भाग काढण्यापूर्वीं घरांत कोण कशासाठीं त्याला हात लावीत असे, हें विचारा, आणि काढलाच तर तो चिठ्ठी लावून पेटींत ठेवा.