काळ, जागा, सोबती : ‘ह्यूमन ट्रॅफिक’च्या निमित्ताने

‘रेव्ह पार्टी’ हा शब्द बहुतेक मराठी वाचकांना पोलिसांच्या छाप्याबरोबरच कळला. मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ, सिंहगडाच्या पायथ्याशी अशा एका पार्टीवर छापा पडला. अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेण्यात आले आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. या शब्दामागे एक संस्कृती आहे, तिला इतिहास आहे आणि तिच्यात माणसे आहेत, याचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही. जस्टिन केरिगन या दिग्दर्शकाचा ‘ह्यूमन ट्रॅफिक’ हा १९९९ सालचा ब्रिटिश चित्रपट या माणसांकडे आतून पाहतो. म्हणून तो पाहण्याजोगा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तो आपल्यापुढे अडचणही उभी करतो. गोळ्या खाऊन आनंदाने नाचणारी पोरे दाखवायची आणि शेवटी त्यांना कसलीच शिक्षा द्यायची नाही, अशा चित्रपटाचे नशा हराम मानणाऱ्या वाचकाने काय करावे?

‘हराम’ म्हणून दार लावून घेणे सोपे आहे. ‘तरुणाईचा मुक्त आविष्कार’ म्हणून टाळ्या वाजवणेही तितकेच सोपे आहे. समीक्षेचे काम या दोन्हींच्या मधले आहे. फतवा कृतीवर असतो, कलाकृतीला मात्र आधी नीट पाहावे लागते.

कथानक म्हणावे असे चित्रपटात थोडेच आहे. वेल्सची राजधानी कार्डिफ, शनिवार-रविवारची सुट्टी आणि पाच मित्र. जिप कपड्यांच्या दुकानात विक्रेता आहे. आपले पौरुष संपले की काय, या भीतीने तो पोखरला गेला आहे आणि त्याची आई देहविक्रय करते. कूप हा कृष्णवर्णीय तरुण रेकॉर्डच्या दुकानात काम करतो. त्याचे वडील मनोरुग्णालयात असून आपली मृत पत्नी हयात आहे असेच ते समजतात. कूपची मैत्रीण नीना फास्ट फूडच्या दुकानात राबते आणि वरिष्ठाच्या लंपटपणाला कंटाळून नोकरी सोडते. लुलूला प्रेमात एकामागून एक ठोकरा बसल्या आहेत. मॉफ बेकार आहे, गोळ्या विकतो, आणि त्याचा बाप पोलिसातला बडा अधिकारी आहे. शुक्रवारी कामाचा आठवडा संपतो, पाचही जण एकत्र येतात, क्लबात रात्रभर नाचतात, मग कुणाच्या तरी घरी पहाटेपर्यंत बडबडतात. रविवारी नशा उतरते.

चित्रपटाचे बळ त्याने दाखवलेल्या कामाच्या आठवड्यात आहे. नीनाच्या दुकानातले नोकर यंत्रमानवासारखे हालचाल करतात; हसू आणणारे हे दृश्य हसता हसता बोचते. या पोरांना श्रम आहेत, पण त्या श्रमात त्यांचे स्वतःचे असे काहीच नाही. डॅनी बॉयलच्या ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६) मधली हेरॉइनची पोरे समाजाबाहेर फेकली गेलेली आहेत. केरिगनची पोरे, एक मॉफ वगळता, रोज वेळेवर कामावर जातात. नशा त्यांच्यासाठी पगाराचाच एक भाग झाली आहे, आणि हे निरीक्षण अचूक आहे.

इथे मला आपल्या परंपरेतली एक जुनी चर्चा आठवते. सूफी ‘समा’ जायज की नाजायज, हा वाद शतकानुशतके चालला. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये त्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. हजरत जुनैद बगदादींच्या नावावर समाच्या तीन अटी सांगितल्या जातात : योग्य काळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. क्लब आणि खानकाह एकच आहेत, असे मला सुचवायचे नाही. समात नशेच्या पदार्थाला स्थान नाही आणि तिथला शोध ईश्वराचा आहे. पण लय माणसाला स्वतःबाहेर नेते, हे ओळखून त्या अनुभवाला शिस्त लावू पाहणाऱ्यांनी दिलेली ही मोजपट्टी आहे. ती या चित्रपटाला लावून पाहावी.

काळ : या पोरांचा काळ त्यांचा नाही. मालकाने सोडलेले अठ्ठेचाळीस तास तेवढे त्यांचे. म्हणून त्यांच्या आनंदात एक घाई आहे.

जागा : १९८८ नंतर ब्रिटनमध्ये हे नाच गोदामांत आणि उघड्या माळावर होत. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या गायरानावर हजारो लोक जमले, आणि १९९४ च्या ‘क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर’ कायद्याने शंभर किंवा अधिक माणसांचे असे रात्रीचे मेळावे उधळण्याचे अधिकार पोलिसांना दिले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचे संगीत, अशी व्याख्या करून ताललयीला कायद्याच्या पुस्तकात बसवण्याचा हा विलक्षण प्रकार होता. नाच थांबला नाही, तो परवानाधारक क्लबांत गेला. तिकीट आले, दारवान आला. चित्रपटात जिप आपले तिकीट लुलूला देतो आणि मग स्वतः आत जाण्यासाठी त्याला क्लबच्या व्यवस्थापकापुढे बोलबच्चन करावे लागते. माळावरच्या मेळ्याचा धंदा कसा झाला, ते या एका प्रसंगातून कळते.

सोबती : या तिसऱ्या कसोटीवर चित्रपट खरा उतरतो. घरी जे बोलता येत नाही ते ही पोरे एकमेकांना सांगतात. जिपची भीती, कूपचा मत्सर, मॉफचा पोकळपणा, सगळे बाहेर येते. गोळीमुळे जीभ सैल झाली हे खरे. पण ऐकणारे कान होते म्हणून बोलण्याला अर्थ आला.

आता तोट्याचा हिशेब. सूरह बकरहमध्ये मद्य आणि जुगार यांत लोकांसाठी काही लाभही आहेत, मात्र पाप लाभाहून मोठे आहे, असा निवाडा आहे. आधी लाभ मान्य करून मग तराजू दाखवण्याची ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. केरिगन लाभाचे पारडे भरभरून मांडतो, दुसऱ्या पारड्यात मात्र चिमूटभरच टाकतो. रविवारचे रिकामेपण आणि मॉफचा संशयी झालेला मेंदू तो दाखवतो, पण लगेच विनोदाकडे वळतो. १९९५ मध्ये एसेक्समध्ये एक मुलगी स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाला एक्स्टसीची गोळी घेऊन मरण पावली होती आणि तिचे छायाचित्र देशभर भित्तिपत्रकांवर लागले होते. ते मरण ज्या प्रेक्षकाच्या मनात ताजे होते, त्याच्यासमोर नीनाचा सतरा वर्षांचा भाऊ ली पहिली गोळी घ्यायला उत्सुक आहे हे दृश्य आले. दिग्दर्शक त्यातले कौतुक टिपतो, धोका नाही. सूफी परिभाषेत बोलायचे तर चित्रपटात ‘सुक्र’ आहे, ‘सह्व’ नाही. जुनैदांनी भर दिला होता तो शुद्धीवर. शेवटी जिप आणि लुलू एकमेकांना सापडतात, पण नीनाने सोडलेल्या दुकानात तो वरिष्ठ तसाच आहे आणि कूपचे वडील अजून मनोरुग्णालयातच आहेत.

आणखी एक उणीव आपल्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. शहराच्या मध्यापासून मैलभरावर कार्डिफचा ब्यूटटाऊन हा गोदीचा भाग आहे. तिथे येमेनी आणि सोमाली खलाशांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासूनची, ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या मुस्लिम वस्त्यांपैकी एक. तिथल्या पील स्ट्रीटवरची मशीद १९४१ च्या जर्मन बाँबफेकीत पडली आणि पुन्हा उभी राहिली. याच वस्तीतला महमूद मत्तान हा सोमाली खलाशी १९५२ मध्ये न केलेल्या खुनासाठी कार्डिफच्या तुरुंगात फासावर गेला. १९९८ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. चित्रपट आला तो त्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्यात या कार्डिफचा मागमूस नाही. क्लबच्या व्यवस्थापकाचे नाव तेवढे पाब्लो हसन आहे, तेही गमतीपुरते. प्रत्येक चित्रपटात आपली हजेरी लागावी असा आग्रह नाही. पण याच चित्रपटात जिप मद्यालयात एका नव्या राष्ट्रगीताची कल्पना करतो आणि सगळे उठून ते गातात. पिढीच्या वतीने गाणाऱ्याला, गाण्यात कोण नाही, हे विचारावेच लागते.

तरीही हा चित्रपट आपल्या घरांत, विशेषतः आईबापांनी, पाहावा असे मला वाटते. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले; पण ती पुडी मुंबईच्या वस्त्यांत पोचली आहे आणि ती हिंदू-मुसलमान पाहत नाही. तिथे संगीत नाही, नाच नाही. पुष्कळदा सोबतीही नसतो. जिन्याखाली एकटाच बसलेला एक मुलगा असतो. त्याला ‘हराम’ हा शब्द लहानपणापासून पाठ आहे. केरिगनच्या पोरांना जे पहाटेपर्यंत बोलता आले, ते बोलायला त्याला कोणी बसवून घेतलेले नाही. मनाई सांगणे आपले कर्तव्य आहेच. पण जुनैदांच्या तीन अटींपैकी काळ आणि जागा आपण त्याला देऊ शकलो नाही तरी तिसरी अट घरातच पुरी करता येते. त्यासाठी मात्र त्याचे बोलणे संपेपर्यंत आपल्याला गप्प बसावे लागेल.