स्वातंत्र्य आणि कुंपण

हार्वर्डचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांचा ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. व्यक्तिस्वातंत्र्यवादाची इतकी रेखीव, आणि तरीही खेळकर, मांडणी अन्य कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. चोरी, फसवणूक, बळजबरी यांपासून रक्षण करावे आणि करार पाळले जातील हे पाहावे, एवढेच राज्यसंस्थेचे काम. त्यापुढे तिने पाऊल टाकले की व्यक्तीच्या हक्कांवर गदा आली, हा त्याचा सिद्धान्त.

त्यातला बास्केटबॉलपटूचा दाखला प्रसिद्धच आहे. विल्ट चेंबरलेनचा खेळ पाहण्यासाठी दहा लाख प्रेक्षकांनी राजीखुशीने २५-२५ सेंट दिले, तर त्याच्यापाशी अडीच लाख डॉलर जमतात. यात कोणी कोणावर अन्याय केला? समता टिकवायची तर अशा व्यवहारांत सरकारला नित्य हात घालावा लागेल. हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. परवान्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या आपल्या देशाला तर त्याचे मर्म समजावून सांगायला नको.

परंतु ही सारी इमारत मूळच्या मालकीवर उभी आहे. जुन्या अन्यायाची भरपाई व्हावी, हे नॉझिकना मान्य आहे. मात्र ते तत्त्व त्यांनी नावापुरते सांगितले, उलगडून दाखविले नाही.

येथे मला महाडचे चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. पुढे सवर्णांनी दिवाणी दावा लावला, त्यात रूढीबरोबरच तळे खाजगी मालकीचे असल्याचाही मुद्दा होता. १९३७ साली मुंबई हायकोर्टात ते हरले. पण समजा, मालकी सिद्ध झाली असती तर? सत्याग्रहींना झालेल्या मारहाणीची शिक्षा नॉझिकचे किमान राज्यही देईल. वाळवंटातली एकुलती एक विहीर बळकावून पाण्याला वाटेल तो दर लावण्याचा हक्कही ते कोणाला देत नाहीत. पण महाडचे भांडण तहानेपुरते नव्हते, माणुसकीचे होते. दुसरीकडे पाणी मिळाल्याने अपमान धुऊन निघत नाही. आणि अपमानाला या ग्रंथाच्या हिशेबात रकानाच नाही.

सरकारला कोठे थांबवावे, हे नॉझिककडून जरूर शिकावे. पण आपल्याकडे माणसाला गावानेही बांधून ठेविले होते. त्या बंधनाविषयी हा ग्रंथ गप्प आहे, म्हणून त्याचे स्वातंत्र्य मला अर्धेच वाटते.