विषाणुजन्य हृदयस्नायुदाह आणि उंदरांवरील पुरावा : एक चिकित्सा

सन २००६ ची चिकुनगुन्याची साथ मराठवाड्याच्या स्मरणात राहिली ती सांधेदुखीमुळे. याच विषाणूने काही रुग्णांच्या हृदयस्नायूंनाही दाह होतो, ही वैद्यकीय नियतकालिकांतील नोंद मात्र सामान्य चर्चेत फारशी आली नाही. ताप ओसरल्यावर धाप लागलेला रुग्ण मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांसमोर येतो, तेव्हा हृदयाच्या ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची सोय तेथे नसते. अशा वेळी ज्या ज्ञानाचा आधार घ्यावा लागतो, त्याचा मोठा भाग उंदरांवरील प्रयोगांतून आलेला आहे.

या प्रयोगांची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, विषाणू वेगळे करण्यासाठी उंदरांची नवजात पिले वापरली जात. कॉक्सॅकी विषाणूही १९४८ साली अमेरिकेत अशाच पिलांत प्रथम सापडला. परंतु विषाणू शोधण्याचे साधन म्हणून उंदीर आणि मानवी रोगाची प्रतिकृती म्हणून उंदीर, या दोन भूमिका भिन्न आहेत. संशोधनपर लेखनात त्यांची सर्रास सरमिसळ होते.

कॉक्सॅकी बी-३ हा या क्षेत्रातील सर्वपरिचित नमुना होय. विषाणू उंदराच्या उदरपोकळीत टोचला जातो. ए/जे व बाल्ब/सी वाणांत विषाणू ओसरल्यावरही दाह रेंगाळतो, तर सी५७ब्लॅक/६ वाण बहुधा बरा होतो. नर माद्यांपेक्षा अधिक आजारी पडतात. विषाणू एकच, निष्कर्ष मात्र वाणागणिक वेगळा! मग मुदखेडचा रुग्ण यांपैकी कोणत्या वाणाचा, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी टाळता येत नाही.

उत्तरकालीन दाह हा प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटल्याचा परिणाम आहे, ही कल्पना याच उंदरांनी बळकट केली. तिला धरून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रुग्णांना देऊन पाहण्यात आली. १११ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. लाभ दिसला नाही. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत लाभ दिसला, पण ती केवळ हृदयात विषाणू न आढळलेल्या रुग्णांपुरती होती. म्हणजे उंदीर सर्वस्वी चुकला नव्हता. रोगाचा टप्पा न पाहता त्याची साक्ष वापरली गेली. संसर्गाच्या आरंभी कॉर्टिझोन दिल्यास उंदरांतील रोग बळावतो, हेही त्याच प्रयोगांनी दाखविले होते. विषाणू हृदयातून गेला की नाही हे जेथे कळत नाही, तेथे ही दुसरी साक्ष अधिक वजनदार मानावयास हवी.

श्रमाविषयीचा पुरावा तुलनेने सरळ आहे. संसर्ग झालेल्या उंदरांना पोहावयास लावले असता मृत्यू वाढले. खेळाडूंना तीन ते सहा महिने विश्रांतीचा सल्ला दिला जातो, त्यास या प्रयोगांचाही आधार आहे. ताप उतरताच कापूस वेचणीला परतणाऱ्या मजुरास तो क्वचितच सांगितला जातो.