मृतांची रात्र, जिवंतांचे भांडण

भयपटाविषयी या पानांत लिहावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भयपट म्हटला की रक्तपात, कर्कश संगीत आणि स्वस्त थरार हेच आपल्या डोळ्यांपुढे येते, आणि बहुतेक भयपटांनी हा समज खरा करून दाखविला आहे. तथापि १९६८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाला हा न्याय लावता येत नाही, असे आमचे मत आहे. त्याच्या निर्मितीची हकीकत जाणून घेतली म्हणजे हे मत अधिकच दृढ होते.

पेनसिल्वेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. तेथे जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र जाहिराती व औद्योगिक लघुपट बनवीत असत. हॉलिवूडशी त्यांचा काही संबंध नव्हता. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून आरंभ केला. पुढे हळूहळू भर पडत एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम नगण्यच. त्यामुळे एकेका माणसाने अनेक कामे अंगावर घेतली. रोमेरो यांनी जॉन रूसो यांच्यासह पटकथा लिहिली, दिग्दर्शन केले, कॅमेरा हाताळला आणि संकलनही केले. निर्माते रसेल स्ट्रायनर यांनी नायिकेच्या भावाची भूमिका केली. दुसरे निर्माते कार्ल हार्डमन हे तळघरात दडून बसणाऱ्या हॅरी कूपरच्या भूमिकेत दिसतात. त्याच्या आजारी मुलीचे काम हार्डमन यांच्याच कन्येने, कायरा शॉन हिने केले. रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले गेले. कृष्णधवल चित्रपटात ते सहज खपून गेले. इव्हान्स सिटी या गावाजवळची दफनभूमी खरी होती आणि शेतावरचे घरही खरे होते. ते पाडावयाचेच ठरले होते, म्हणून त्याच्या दारांखिडक्यांवर मनसोक्त फळ्या ठोकता आल्या. धर्मग्रामाच्या सणाला नाटक बसविणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये!

परंतु हा केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हता. नायक बेन याच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाची निवड झाली. चाचणीत तेच सर्वांत सरस ठरले म्हणून त्यांना घेतले, असे रोमेरो सांगत असत. पटकथेतला बेन हा काहीसा रांगडा ट्रकचालक होता. जोन्स हे सुशिक्षित, इंग्रजीचे अध्यापन केलेले गृहस्थ. त्यांनी ती भाषा नाकारली आणि बेनला संयमी, विचारी बोलणे दिले. चित्रपटात त्याच्या वर्णाचा कोणीही उल्लेख करीत नाही. मात्र प्रेक्षकाला तो क्षणभरही विसरता येत नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा रोमेरो तयार चित्रपट मोटारीत घालून वितरकाच्या शोधात न्यूयॉर्ककडे निघाले होते. ती बातमी त्यांनी वाटेत रेडिओवर ऐकली.

कथा थोडक्यात अशी. वडिलांच्या कबरीवर पुष्पचक्र वाहण्यासाठी बार्बरा आणि तिचा भाऊ दफनभूमीत येतात. ती गुडघे टेकून प्रार्थना करते, तो तिची थट्टा करतो. इतक्यात उठलेले एक प्रेत त्यांच्यावर चालून येते. बार्बरा पळत त्या घरात शिरते आणि तेथे सात जीव एकत्र येतात. बाहेर शेकडो प्रेते. आत मात्र तळघरात दडावे की वरच थांबावे, यावरून बेन आणि हॅरी यांचे भांडण जुंपते. येथेच चित्रपटाचे मर्म आहे. प्रेतांना दुष्टावा ठाऊक नाही, त्यांना केवळ भूक आहे. आत्मा नसलेला, भूक तेवढी उरलेला देह ही आपल्या पुनरुत्थानाच्या आशेची नेमकी उलटी प्रतिमा होय. परंतु घराचा घात होतो तो आतल्या अहंकारामुळे. बेन सज्जन आहे, तरी तळघराबाबत हॅरीचेच म्हणणे खरे ठरते. अखेर बेनचा जीव वाचतो तो तळघरातच. आणि पहाटे मदतीला आलेली बंदूकधारी नागरिकांची तुकडी त्याला प्रेत समजून गोळी घालते. त्यानंतरची दाणेदार स्थिरचित्रे वृत्तपत्रातील छायाचित्रांसारखी भासतात. त्यांत मांसाचे आकडे हाती घेतलेली साधी माणसे दिसतात. ती क्रूर नाहीत, कर्तव्य बजावीत आहेत. हेच अधिक भयंकर आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. शुक्राकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाचे स्पष्टीकरण लंगडे आहे. बार्बरा आरंभानंतर जवळजवळ मूक होते. रोमेरो यांनीच लिहिलेल्या १९९० च्या नव्या आवृत्तीत ती खंबीर झाली, यावरून ही उणीव त्यांनाही जाणवली असावी. शिवाय हा चित्रपट मुलांसाठी मुळीच नव्हे. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९६९ च्या जानेवारीत, चित्रपटगृहात रडणाऱ्या लहान मुलांचे वर्णन करून त्यांना तेथे सोडून जाणाऱ्या पालकांना दोष दिला होता. आम्ही त्याच्याशी पूर्ण सहमत आहोत.

वितरकाने चित्रपटाचे नाव बदलले, तेव्हा नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली. तत्कालीन कायद्यानुसार चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला आणि ज्यांनी घाम गाळला त्यांच्या हातून मोठा वाटा निसटला. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या पुढाकाराने त्याची जीर्णोद्धारित प्रत पाहावयास मिळाली. रोमेरो २०१७ साली निवर्तले, जोन्स त्यापूर्वीच, १९८८ मध्ये.

पैसा नव्हता म्हणून या मंडळींना राक्षस घडविता आला नाही. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच प्रेते म्हणून उभे केले. चित्रपट खरा वाटतो तो त्यामुळेच. प्रौढांनी तो अवश्य पाहावा आणि नंतर घरातील दिवे लावून एवढेच विचारावे की, दाराला फळ्या ठोकताना आपण शेजारी बसलेल्या माणसाचे ऐकून घेतले असते काय?