‘पेशींचा गोंद’ म्हणण्यात बिघडतं कुठे?

ई-कॅडहेरिनबद्दल सोप्या भाषेतलं काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत ‘पेशींना चिकटवणारा गोंद’ येतोच. आज आमची तक्रार आहे ती या गोंदाबद्दल.

गोंद दोन कागदांच्या मध्ये असतो, कागदाचा नसतो. ई-कॅडहेरिन मात्र पेशीचंच. १६व्या गुणसूत्रावरच्या सीडीएच१ या जनुकाबरहुकूम पेशी ते स्वतः घडवते. त्याचं बाहेरचं टोक शेजारणीच्या तशाच प्रथिनाला धरतं. आतलं टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत अ‍ॅक्टिनच्या तंतूंना बांधलेलं. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते. मासातोशी ताकेइची यांनी क्योटोत याच धाग्यावरून कॅडहेरिनं शोधली, नावातही कॅल्शियम आहेच. उपमाच हवी तर फुगडीची घ्या ना! हात दोघींचे, जोर खांद्यातून आणि पायांतून, आणि पकड सतत सावरायची. (पेशीही जुनं प्रथिन आत ओढते, नवं बाहेर पाठवते. वाळलेल्या गोंदाला हे कुठून जमणार?)

हा नुसता शब्दांचा कीस नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या जठराच्या कर्करोगाचं मूळ या जनुकातल्या बिघाडात आहे, हे पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. वारशाने एकच प्रत बिघडलेली येते. दुसरी पुढे एखाद्या पेशीत बंद पडते. कोणत्या, ते आधी सांगता येत नाही. सगळ्यांनाच रोग होतो असंही नाही. पण झाला तर बहुधा ठळक गाठ धरत नाही, पेशी अस्तराखाली सुट्या सुट्या पसरतात, आणि दुर्बिणीच्या तपासणीतून सुरुवातीचा रोग निसटू शकतो. म्हणून धडधाकट तरुण माणसापुढेही डॉक्टर अख्खं जठर काढण्याचा पर्याय ठेवतात. ‘गोंद कमी पडला’ एवढंच वाचलेला माणूस विचारणारच, मग वरून थोडा लावता येत नाही का?

दुसरी फसगत, ‘गोंद सुटला म्हणजे कर्करोग पसरला.’ स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नसतं, हे खरं. पण त्याहून जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकारात ते बहुतेकदा शाबूत असतं, आणि तोही पसरतो. तपासणीच्या अहवालात ई-कॅडहेरिनची ओळ असते ती मुख्यतः प्रकार ओळखण्यासाठी. गोंदाची गोष्ट वाचलेली बाई मात्र ‘पॉझिटिव्ह’ पाहून निश्चिंत होते, आणि ‘निगेटिव्ह’ असेल तर रात्रभर जागी राहते.